एक एन्ट्री राह्यली

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ पेटलेले दिवस, लागला की वर्धेच्या आसपासची दुपार माणसं गिळून टाकते. रस्ते असतात, दुकानं असतात, लिंबाच्या सावलीत उभे केलेले ऑटो असतात, माणूस तेवढा दिसत नाही. अशाच एका दुपारी प्रेमदास पवनारहून स्कूटर काढून निघाला. बायकोने, मीराबाईने, रोजच्यासारखा त्याच्या शर्टाच्या खिशात ऊन लागू नये म्हणून एक कांदा टाकला, पन्ह्याची बाटली पिशवीत ठेवली आणि दाराशी उभी राहून म्हणाली, "काम झालं का निघजा. तिथं बसून नोका राहू."

तिथं म्हणजे कुठं, ते दोघांनाही ठाऊक होतं. दवाखान्याच्या ज्या रक्तपेढीत तो निघाला होता, तिथल्या काउंटरवर त्यांचा मुलगा अश्वजित बसायचा. त्याला जाऊन गेल्या महिन्यात वर्ष झालं होतं.

काम साधं होतं. उन्हाने रक्तपेढीचा सर्व्हर बसला होता. प्रेमदास वर्धेतल्या तीन-चार दवाखान्यांचे कॉम्प्युटर सांभाळायचा. त्याने आदल्या दिवशी नवी मशीन आणून लावली होती. आता जुन्या डेटाचा बॅकअप तिच्यावर परत चढवायचा, म्हणजे रिस्टोर करायचा, एवढंच उरलं होतं. घर बदलताना ट्रकमधून सामान उतरतं तसं हे काम. एकदा सुरू करून दिलं की आपण नुसतं पाहत बसायचं.

रक्तपेढी दवाखान्याच्या मुख्य इमारतीपासून वेगळी, आवाराच्या टोकाला होती. आत शिरताच स्पिरिटचा आणि ओल्या वाळ्याचा वास आला. बाकावर एक म्हातारी पाय वर घेऊन बसली होती.

"आला का वं तो मशीनवाला?" तिने काउंटरमागच्या कांताला विचारलं.

"आला, मनकर्णाबाई. आता होते तुमचं काम."

"सकाळपासून तेच सांगून राह्यली तू. आमच्या कारंजाले एक रेडा होता, बसला का बसला. पण तोही एवढा नाई बसला बापा."

कांता हसली, पण ते हसू ओठांवरच राहिलं. ती रक्तपेढीची तंत्रज्ञ. प्रेमदासला तिने आतल्या दाराशी गाठलं आणि आवाज खाली आणला.

"सर, यांची नात आहे, वर्षाली. सिकलसेलची पेशंट, वरती वॉर्डात आहे. रक्त पार उतरलं आहे. तिच्या गटाची एकच पिशवी आहे फ्रीजमधे. दुसरी नागपूरवरून निघाली, पण यायले वेळ लागते."

"मंग देऊन टाका नं."

"कशी देऊ? सिकलसेलच्या पेशंटले वाहकाचं, म्हणजे ज्याले स्वतःले आजार नाई पण रक्तात दोष आहे त्याचं, रक्त नाई चालत. पिशवीवर फक्त नंबर असते. देणारा वाहक आहे का नाई, ते सिस्टीममधे दिसते. अन् सिस्टीम तर तुमच्या हातात आहे."

"तासाभरात देतो," प्रेमदास म्हणाला.

सर्व्हरची खोली म्हणजे पूर्वीची सामानाची खोली. एक टेबल, एक खुर्ची, खिडकीत कूलर. प्रेमदासने बॅकअपची डिस्क जोडली, रिस्टोर सुरू केला आणि मागे टेकून बसला. पडद्यावर आकडा चढू लागला. थोड्याच वेळात बाहेरचे पंखे घरघरत थांबले. मनकर्णाबाई ओरडली, "गेली का लाईन?"

लाईन गेली होती. काउंटरवरचे सगळे पडदे काळे झाले. सर्व्हरची खोली आणि रक्ताचा फ्रीज तेवढा इन्व्हर्टरवर होता. कूलर मात्र बंद पडला, आणि तो बंद पडताच कळलं की एवढा वेळ त्याचा आवाज सगळ्या शांततेवर पांघरूण घालून बसला होता. आता खोलीत मशीनची बारीक गुणगुण तेवढी राहिली. बाहेर लिंबावर एखादा कावळाही नव्हता.

आकडा त्रेसष्टवर आला आणि थांबला.

प्रेमदासने पन्ह्याचा घोट घेतला. वाट पाहिली. त्रेसष्ट. डिस्कवर जागा आहे का पाहिलं; भरपूर होती. बॅकअपची फाईल खराब आहे का पाहिलं. कालच ती त्याने पूर्ण तपासली होती. मशीन तापली आहे का म्हणून हात लावून पाहिला, आणि हात चटकन मागे घेतला. मशीन गार होती. उन्हाने भिंती तव्यासारख्या झाल्या होत्या आणि ती डेऱ्यातल्या पाण्यासारखी गार होती.

धंद्यातल्या माणसाला एक गोष्ट अनुभवाने कळते. हँग झालेली मशीन बहुतेक वेळा मेलेली नसते. ती कोणाची तरी वाट पाहत असते. दुसऱ्या कोणी एखादी नोंद उघडून हातात धरून ठेवली असेल, तर तो सोडेपर्यंत मागचा हलत नाही. कोण कोणाला अडवून बसलं आहे, ते पाहायची एक आज्ञा असते. प्रेमदासने ती दिली.

दोन ओळी आल्या. पहिल्या ओळीत त्याचं स्वतःचं रिस्टोरचं काम. दुसऱ्या ओळीत, त्याला अडवून बसलेलं नाव.

ashwajit.

त्याला लगेच काही वाटलं नाही. कारण त्याला हे ठाऊक होतं की पोरगा गेल्यावरही इथे त्याच्याच नावाने लॉगिन करत होते. पिशवी रोखून धरायचा, नोंद दुरुस्त करायचा अधिकार फक्त त्या लॉगिनला दिलेला होता आणि नवीन बनवायचं सगळ्यांच्याच अंगावर आलं होतं. पासवर्ड काउंटरच्या कडेला पट्टी लावून चिकटवलेला होता. वर्षभर मेलेल्या माणसाच्या नावाने काम चाललं होतं आणि त्यात कोणालाच वावगं वाटलं नव्हतं.

"कांताताई," त्याने दारातून हाक दिली, "अश्वजितच्या नावानं कोण बसलं आहे? बंद करायले सांगा."

कांता आली. तिच्या हातात पुठ्ठा होता, वारा घ्यायला. "कोण बसन सर? लाईनच नाई. तिन्ही कॉम्प्युटर बंद आहेत."

प्रेमदासने वळून मशीनच्या मागची नेटवर्कची वायर उपटली. आता ही मशीन जगात एकटी होती. त्याने पुन्हा तीच आज्ञा दिली.

दोन ओळी.

आणि आता त्याला दुसरी गोष्ट आठवली, जी आधीच आठवायला हवी होती. मशीन नवी होती. जुनी नावं तिच्यावर अजून चढलीच नव्हती. ती रिस्टोरच्या शेवटी चढतात. या मशीनवर अश्वजित नावाचं कोणी असूच शकत नव्हतं.

"काय झालं सर?"

"काही नाई... पाहून राह्यलो."

प्रेमदासच्या घरात भुताखेतांना कधी थारा नव्हता. बापाने लहानपणी बावीस प्रतिज्ञा पाठ करून घेतल्या होत्या आणि त्याने त्या पाळल्या होत्या. पोराचं श्राद्ध घातलं नाही, पिंड ठेवला नाही. स्मृतिदिनाला बुद्धविहारात वंदना झाली आणि याच रक्तपेढीचं रक्तदान शिबिर ठेवलं. सगळ्यांच्या आधी तो स्वतः खाटेवर आडवा झाला. मेल्यावर काही उरत नाही, जे द्यायचं ते जित्याला द्यावं, असं तो त्या दिवशी चार लोकांसमोर बोललाही होता.

खोलीत निलगिरीच्या तेलाचा वास येत होता.

कधीपासून येत होता, ते त्याला सांगता आलं नसतं. वाळ्याचा वास विरला आणि त्याखालून हा वर आला असावा. अश्वजितचे सांधे दुखायचे. सिकलसेलच्या पोरांचे दुखतातच. काउंटरच्या खणात तो निलगिरीची बाटली ठेवायचा आणि मनगटांना चोळत चोळत टाइप करायचा. कीबोर्डला वास लागायचा. मीराबाई घरी त्याचे शर्ट दोनदा धुवायची.

प्रेमदास खुर्चीत बसला. दुसरी ओळ तशीच होती. 'प्रतीक्षेत', एवढंच तिच्यापुढे लिहिलेलं. कोणीतरी नोंद उघडली आहे, काही बदललं आहे आणि जतन करायचं राहिलं आहे, असा त्याचा अर्थ.

मागच्या वर्षी, शेवटच्या दुपारी, वॉर्डात हेच झालं होतं. वेगळ्या शब्दांत. अश्वजितला रक्त लागत होतं, गटाचं रक्त कुठेच नव्हतं. आदल्या संध्याकाळी प्रेमदासने खाली येऊन रक्तपेढीत बाही वर केली होती. मायं घ्या, मी बाप आहे. दुसऱ्या दिवशी पिशवी वर आली, लागली. त्या एका गोष्टीवर तो वर्षभर तगून होता: शेवटचं जे पोराच्या अंगात गेलं, ते आपलं होतं. पिशवी लावताना अश्वजितने मान उचलून तिच्यावरचा नंबर वाचला होता. मग हात पुढे केला होता.

"बाबा, लॅपटॉप द्या. एक एन्ट्री राह्यली."

"आराम कर. एन्ट्री कुठं पळून जाते का?"

"नाई बाबा... चुकीची आहे ती. एकच मिनिट."

प्रेमदासने लॅपटॉप घेतला, पिशवीत घातला आणि पिशवी खाटेखाली सरकवली. तापात बडबडतो पोरगा, असं सिस्टरही म्हणाली. संध्याकाळनंतर अश्वजित काही बोलला नाही.

"सर..." कांता दारात होती. ती आत आली नाही. तिलाही वास आला असावा, कारण तिने नाकाशी पदर धरला. "वरून फोन होता. पोरीले श्वास लागून राह्यला. डॉक्टर म्हणते, आता थांबता येत नाई."

तिच्यामागे मनकर्णाबाई उभी होती. रेड्याची गोष्ट सांगणारी म्हातारी आता नव्हतीच. "भाऊ," ती म्हणाली, "तिले आई नाई रे. मीच आहो."

अडवून बसलेलं सेशन, म्हणजे उघडं राहिलेलं लॉगिन, मोडायची आज्ञा एका ओळीची असते. धंद्यात त्याला सेशन किल करणं म्हणतात, आणि प्रेमदासने जन्मभरात अशी शेकडो मोडली होती, चहा पिता पिता. त्याने ओळ टाइप केली. बोट शेवटच्या बटणावर ठेवलं. ते बटण दाबेपर्यंत त्याचा पोरगा या खोलीत होता. हा विचार खोटा आहे हे त्याला कळत होतं आणि बोट तरी खाली जात नव्हतं. पडद्यावरचं नाव वर्षभरात पहिल्यांदा कोणत्या फोटोखाली नव्हतं. ते काम करत होतं.

"बेटा, जाऊ दे आता," तो पुटपुटला. "एक पोरगी आहे वरती..."

त्याने बटण दाबलं.

दुसरी ओळ गेली. आकडा हलला, चौसष्ट, सत्तर, नव्वद, आणि बघता बघता काम पुरं झालं. निलगिरीचा वास, दार उघडल्यावर धूर जावा तसा, गेला. प्रेमदासने दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

कांताने पिशवीवरचा नंबर सांगितला, त्याने सर्व्हरवरच टाकून पाहिला. देणाऱ्याचा नंबर आला, पुढे रकाना: सिकलसेल वाहक, नाही.

"नाही आहे," तो म्हणाला.

"देऊ नं मंग?"

"द्या."

कांता पिशवी कापडात गुंडाळून उन्हात निघाली. मनकर्णाबाईने जाता जाता त्याच्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. खोलीत तो एकटा राहिला. कूलर बंदच होता. सवयीने, निघण्याआधी सगळं आवरावं तसं, त्याने त्या मोडलेल्या सेशनचा माग उघडला. काय करत होतं ते?

एकच काम होतं. एका रक्तदात्याचा नंबर, आणि त्याच्या पुढच्या एका रकान्यात बदल. सिकलसेल वाहक: 'नाही' च्या जागी 'हो'. जतन झालं नव्हतं. सेशन मोडल्यामुळे बदल रद्द झाला होता आणि जुनंच 'नाही' परत आलं होतं.

नंबर तोच होता, जो आत्ताच त्याच्यासमोर आला होता: कांताने नेलेल्या पिशवीच्या दात्याचा.

त्याने वॉर्डात फोन लावला. तो वाजत राहिला. कोणी उचलला नाही. प्रेमदास पळाला. आवारातली माती जोड्यातून भाजत होती, पांढऱ्या उन्हात वॉर्डाची इमारत पाण्यात पडल्यासारखी हलत होती, आणि वाटेत कुत्रंसुद्धा नव्हतं. बावन्न वर्षांचा माणूस दोन जिने चढून वर आला आणि धापा टाकत त्याने दाराची चौकट धरली.

वर्षालीच्या खाटेशी सिस्टर अन्नपूर्णा वैतागलेल्या चेहऱ्याने नळी चाचपत होती. कांता शेजारी उभी.

"सुई दोनदा बदलली," सिस्टर म्हणाली. "नस चांगली आहे, नळी मोकळी आहे. पण थेंब पडूनच नाई राह्यला."

नळीच्या काचेत एक लाल थेंब लोंबत होता. भरलेला, जड, पडायच्या बेतात. आणि पडत नव्हता. खाटेवरची मुलगी अर्धवट डोळ्यांनी त्याच्याकडेच पाहत होती.

"काढा," प्रेमदास म्हणाला. "वाहकाची आहे... काढा ते."

सिस्टरने कांताकडे पाहिलं, कांताने मान हलवली. सिस्टरने नळी बंद केली, सुई काढली. सगळं बंद झाल्यावर तो थेंब पडला.

नागपूरची पिशवी त्याच वेळी फाटकाशी पोचली होती. रीतसर तपासून ती लागली आणि थेंब एकामागून एक पडू लागले. मनकर्णाबाई खाटेच्या पायाशी जमिनीवर बसली आणि तिने मुलीचे तळवे मांडीवर घेतले.

प्रेमदास आणि कांता खाली परतले तेव्हा लाईन आली होती. प्रेमदासने उपटलेली वायर परत जोडली. कांताने काउंटरवर बसून परत आणलेल्या पिशवीच्या दात्याची नोंद उघडली, पिशवी बाद करायला. तिचा हात थांबला.

"सर..." ती पडद्याकडे पाहत म्हणाली. "हा नंबर तुमचा आहे. मागच्या महिन्यातलं शिबिर."

प्रेमदासने पाकीट काढलं. आत, अश्वजितच्या तपासणीच्या वेळी दवाखान्याने दिलेलं त्याचं स्वतःचं कार्ड होतं, घड्यांवर फाटलेलं. वाहक. हा आजार आईबापांकडूनच येतो, पोराचा बाप वाहक असणारच. ते कार्ड त्याच्या खिशात होतं, शिबिरातही होतं, मागच्या वर्षीच्या त्या संध्याकाळीही होतं.

"मले कोणी इचारलंच नाई," तो म्हणाला.

"नाई इचारत सर. गर्दीत तो रकाना भरतच नाई कोणी. आपोआप 'नाही' वर राह्यते. अश्वजित एकटाच भांडायचा त्याच्यासाठी..."

दोघांच्याही मनात एकच दुपार आली होती, मागच्या वर्षीची, आणि तिच्यात टांगलेली एक पिशवी.

"त्याच्यानंच झालं असं नसते, सर," कांता म्हणाली. तिने मान वर केली नाही. "पोरगा खूप थकला होता."

प्रेमदास उठला आणि सर्व्हरच्या खोलीत गेला. आपलं सामान आवरायला, असं त्याने स्वतःला सांगितलं. कूलर सुरू होता, वाळ्याचा गार झोत येत होता, आणि झोताच्या आत निलगिरी होती.

त्याने आज्ञा दिली. एक ओळ आली. तेच नाव. त्याच्याच नंबरची नोंद धरून, प्रतीक्षेत.

एकदा लॅपटॉप काढून घेतला होता. एकदा बटण दाबलं होतं. प्रेमदासने दोन्ही हात कीबोर्डवरून उचलले आणि मांडीवर ठेवले.

"कर बेटा," तो म्हणाला. "तुयी एन्ट्री कर. मी नाई उठवत."

कूलरचं पाणी ठिबकत होतं. पडद्यावरचा शब्द बदलला: जतन. त्याने आपला नंबर टाकून पाहिला. सिकलसेल वाहक: हो. त्याला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. त्याने सेशन बंद होण्याची वाट पाहिली. काम झालं की माणूस उठतो.

ते बंद झालं नाही. ओळीतला नंबर बदलला. आता ते दुसरीच नोंद धरून बसलं होतं. प्रेमदासने तो नंबर शोधला. असा रक्तदाता नाही, मशीनने सांगितलं. शेवटच्या दात्याच्या नंतरचा नंबर होता तो. अजून कोणाला दिलेलाच नव्हता.

"सर," काउंटरवरून कांताची हाक आली, रोजच्या, थकलेल्या आवाजात. "पाहता का जरा? नवीन नंबर टाकला का अडकूनच राह्यलं. हे भाऊ घाई करून राह्यले. सिकलसेलचा पोरगा वरती भरती आहे म्हणते... बाप आहे, मायंच रक्त घ्या म्हणते."

दाराच्या काचेतून काउंटर दिसत होतं. उन्हातून आलेला एक माणूस घामाने निथळत उभा होता. एक बाही त्याने आधीच दंडापर्यंत वर केली होती. शर्टाच्या खिशात कांद्याचा फुगवटा होता.